‘लेइ’ : एका इटालियन सर्वनामाची कुळकथा



राजसत्तेनें एखाद्या ग्रंथावर बंदी घातली, एखादें वृत्तपत्र बंद पाडलें किंवा एखाद्या वक्त्याचें तोंड मिटविलें, ह्या गोष्टी इतिहासाला नव्या नाहींत. परंतु एखाद्या सर्वनामाविरुद्ध सरकारनें मोहीम उघडल्याचें आपण क्वचितच ऐकलें असेल. इटलींत हें खरोखर घडलें. १९३८ सालीं तेथील सत्ताधारी फॅसिस्ट पक्षानें ‘लेइ’ ह्या शब्दाला हद्दपार करण्याचा हुकूम सोडला. हा शब्द म्हणजे कांहीं शिवी नव्हे, कीं कोणा बंडखोर पुढाऱ्याचें नांव नव्हे. दोन अक्षरांचें तें एक साधें सर्वनाम. त्याचा मूळचा अर्थ ‘ती’, आणि शिष्ट संभाषणांतील अर्थ ‘आपण’.

येथें सहजच तीन प्रश्न उभे राहतात. ज्याचा अर्थ ‘ती’, त्या शब्दानें समोरच्या माणसाला हांक कशी मारतां येते? तीहि दाढीमिशा असलेल्या भारदस्त पुरुषाला? आणि अशा ह्या निरुपद्रवी शब्दाचें एका बलाढ्य राजवटीला वैर कां वाटावें? ह्या तीन प्रश्नांच्या आधारें आज आपण ‘लेइ’ची कुळकथा पाहूं.

प्रथम शब्दाचें कुळ पाहूं. इटालियन ही लॅटिन भाषेची कन्या, हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती सिसेरोच्या ग्रांथिक लॅटिनची कन्या नसून बाजारांत, शेतांत आणि लष्कराच्या छावण्यांत बोलल्या जाणाऱ्या लॅटिनची कन्या आहे. आपली मराठी जशी थेट पाणिनीच्या संस्कृतांतून न उतरतां प्राकृतांतून उतरली, तसाच हा प्रकार. लॅटिनमध्यें दूरची वस्तु बोटानें दाखविण्यासाठीं ‘इल्ले’ असें दर्शक सर्वनाम होतें. ‘इल्ले’ म्हणजे ‘तो, पलीकडचा’. स्त्रीलिंगीं ‘इल्ला’ आणि नपुंसकलिंगीं ‘इल्लुद’. लोकांच्या तोंडीं ह्या शब्दाचा वापर इतका वाढला कीं, त्यांतील बोट दाखविण्याचा अर्थ झिजून गेला आणि केवळ ‘तो’ व ‘ती’ एवढाच अर्थ शिल्लक राहिला. आजच्या इटालियन भाषेंत नामामागें लागणारीं ‘इल्’, ‘लो’, ‘ला’ हीं उपपदें, आणि ‘एल्ला’, ‘लुइ’, ‘लेइ’, ‘लोरो’ हीं सर्वनामें, हा सारा गोतावळा ह्या एकाच ‘इल्ले’चा विस्तार आहे.

आतां ‘लेइ’ हें रूप नेमकें कोठून आलें? ग्रांथिक लॅटिनमध्यें ‘त्याला’ आणि ‘तिला’ ह्या दोन्ही अर्थीं चतुर्थीचें रूप एकच होतें, तें म्हणजे ‘इल्ली’. पुरुष कीं स्त्री, हें त्यावरून कळत नसे. व्यवहाराला ही संदिग्धता अडचणीची झाली असावी. लॅटिनमध्यें ‘कोणाला’ ह्या अर्थीं ‘कुइ’ असा शब्द आहे. त्याच्या धर्तीवर बोलणाऱ्यांनीं पुरुषासाठीं ‘इल्लुइ’ असें नवें रूप घडविलें आणि त्याच्या जोडीला स्त्रीसाठीं ‘इल्लेइ’ हें रूप तयार झालें. हीं रूपें कोणा पंडितानें घडविलेलीं नाहींत. तीं लोकांनीं घडविलीं, म्हणूनच तीं टिकलीं. पुढें ह्या शब्दांतील आघातरहित पहिलें अक्षर गळून पडलें, आणि ‘इल्लुइ’चें ‘लुइ’ व ‘इल्लेइ’चें ‘लेइ’ झालें. ‘त्यांचा’ ह्या अर्थाच्या षष्ठीच्या ‘इल्लोरुम’ ह्या रूपापासून त्याच रीतीनें ‘लोरो’ आलें. फ्रेंच भाषेंतील ‘त्याला’ ह्या अर्थाचें सर्वनामहि ह्याच ‘इल्लुइ’चें अपत्य आहे.

ह्याचा अर्थ असा कीं, ‘लेइ’ हा शब्द जन्मतः कर्ता नव्हे. ‘इल्ला’पासून आलेली ‘एल्ला’ म्हणजे ‘ती’. आणि ‘लेइ’ म्हणजे ‘तिला’, ‘तिच्या’. वाक्याच्या सिंहासनावर बसण्याचा अधिकार ‘एल्ला’चा, आणि ‘लेइ’नें बाजूला उभें राहावें, असा व्याकरणकारांचा दंडक पुष्कळ शतकें होता. परंतु लोकांच्या बोलण्यांत ‘लेइ’ हळूं हळूं कर्त्याच्याहि जागीं येऊन बसूं लागली. आलेस्सांद्रो मांझोनी ह्या थोर कादंबरीकारानें आपल्या ‘वाग्दत्त वधूवर’ ह्या कादंबरीची सुधारलेली आवृत्ति १८४० ते १८४२ ह्या काळांत प्रसिद्ध केली. तींत त्यानें फ्लॉरेन्सच्या जिवंत बोलीला अनुसरून ‘लुइ’ व ‘लेइ’ ह्यांना कर्त्याच्या जागीं मोकळेपणानें प्रवेश दिला. आज ‘एल्ला’ हा शब्द अत्यंत औपचारिक लेखनांत काय तो आढळतो. बोलण्यांत सर्वत्र ‘लेइ’च आहे.

हें झालें शब्दाचें शरीर. आतां त्यांत ‘आपण’ हा अर्थ कसा शिरला, तें पाहूं.

प्राचीन रोमन मनुष्य समोरच्या कोणाहि एका व्यक्तीला ‘तू’ म्हणत असे. हा लॅटिन ‘तू’ आणि आपला मराठी ‘तू’ हे एकाच आदिम घराण्यांतील सख्खे भाऊबंद आहेत; संस्कृत ‘त्वम्’ही त्यांच्याच नात्यांतला. गुलाम धन्याला ‘तू’ म्हणे आणि नागरिक सीझरलाहि ‘तू’च म्हणे, त्यांत अनादर नसे. साम्राज्याच्या उत्तरकाळांत मात्र सम्राट् स्वतःविषयीं ‘आम्ही’ असें बोलूं लागले, आणि मग त्यांना उद्देशून ‘तुम्ही’ म्हणण्याची चाल पडली. ‘तुम्ही’ ह्या अर्थाचा लॅटिन शब्द ‘वोस’. त्याचेंच इटालियनमध्यें ‘वोइ’ झालें. १३२१ सालीं दिवंगत झालेल्या महाकवि दान्तेच्या काळीं इटालियन भाषेंत अशीं दोनच संबोधनें होतीं. आपल्या महाकाव्यांत दान्ते आपल्या मार्गदर्शक व्हर्जिल कवीला ‘तू’ म्हणतो, पण आपले वडीलधारे ब्रुनेत्तो लातीनी भेटतांच त्यांना ‘वोइ’ म्हणतो. स्वर्गलोकांत आपल्या एका पूर्वजाला ‘वोइ’ म्हणून संबोधितांना, ही चाल रोमनें प्रथम चालूं दिली, असा उल्लेखहि तो मुद्दाम करतो.

आदराच्या शब्दांचें एक नशीब ठरलेलें असतें. नाणें जसें हातोहात फिरून झिजतें, तसे हे शब्दहि झिजतात. ज्याला त्याला ‘वोइ’ म्हटलें जाऊं लागल्यावर राजेलोकांना आणि सरदारांना त्यांत विशेष मान उरला नाहीं. मग पंधराव्या शतकांतील दरबारांत आणि कचेऱ्यांत भाववाचक नामांचा आश्रय घेण्यांत आला. धन्याला प्रत्यक्ष ‘तुम्ही’ न म्हणतां ‘आपलें स्वामित्व’, ‘आपली श्रेष्ठता’, ‘आपली महत्ता’ अशा शब्दांनीं बोलण्यास सुरुवात झाली. ह्यांतील सर्वांत रूढ शब्दप्रयोग ‘वोस्त्रा सिन्योरीआ’ हा होय. ‘सिन्योरीआ’ म्हणजे स्वामित्व, धनीपण. हीं सर्व भाववाचक नामें इटालियनमध्यें स्त्रीलिंगी आहेत. तेव्हां एका वाक्यांत ‘आपली सिन्योरीआ आज्ञा देवो’ असें म्हटल्यावर पुढील वाक्यांत तिचा उल्लेख करावयाचा तो स्त्रीलिंगी सर्वनामानेंच होणार. ‘ती जें सांगेल तें मी करीन.’ ही जी ‘ती’, तीच आपली ‘लेइ’. कालांतरानें ‘सिन्योरीआ’ पडद्याआड गेली आणि तिची जागा चालविणारें सर्वनाम तेवढें रंगभूमीवर उरलें.

मराठी श्रोत्यांना हा प्रकार चमत्कारिक वाटण्याचें कारण नाहीं. ‘आज स्वारी खुषींत दिसते’, ‘स्वारी कोठें निघाली?’ हीं वाक्यें आपल्या घरोघर ऐकूं येतात. ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो पुरुष असतो, तरी ‘स्वारी’ हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून क्रियापदहि स्त्रीलिंगीच येतें. आणि त्यांत त्या पुरुषाच्या पौरुषाला बाध येतो असें कोणी मानीत नाहीं. संस्कृतांत तर ह्याहून जवळचें उदाहरण आहे. ‘भवान् गच्छतु’ ह्या वाक्यांत समोरच्या माणसाशींच बोलणें चाललेलें असतें, तथापि ‘भवान्’ ह्या शब्दाबरोबर क्रियापद द्वितीय पुरुषाचें न येतां ‘तो’ ह्या शब्दाबरोबर यावें तसें येतें. मान्य व्यक्तीकडे थेट बोट न रोखतां, जणूं ती थोडी दूर उच्चासनावर बसली आहे अशा कल्पनेनें बोलावें, ही भावना माणसाच्या मनांत अनेक देशांत स्वतंत्रपणें उपजलेली दिसते. जर्मन लोक ह्याच भावनेनें समोरच्या एका माणसाला ‘ते’ ह्या अनेकवचनी सर्वनामानें संबोधितात. स्पॅनिश भाषेंत ‘आपली कृपा’ ह्या अर्थाच्या ‘वुएस्त्रा मेर्सेद’ ह्या शब्दांचा संक्षेप होऊन ‘उस्तेद’ बनलें, आणि पोर्तुगीजांत तशाच शब्दांपासून ‘व्होसे’ झालें. ह्या दोन भाषांनीं दोन शब्द चेपून एक नवा शब्द तयार केला. इटालियननें मात्र घरांतल्या जुन्याच सर्वनामाला नवी कामगिरी सोंपविली. सिसिली बेटांत ‘वोस्सीआ’ म्हणून एक आदरार्थी संबोधन आहे. तें मात्र ‘वोस्त्रा सिन्योरीआ’चेंच आंखूड रूप होय.

सोळाव्या शतकांत मिलान, नेपल्स, सिसिली आणि सार्डिनिया ह्या प्रदेशांवर स्पेनचा अंमल बसला. स्पॅनिश दरबारी शिष्टाचाराची छाप इटालियन समाजावर पडली आणि ‘सिन्योरीआ’ व ‘लेइ’ ह्यांचें पेव फुटलें. त्या काळच्या साहित्यिकांना हें रुचलें नाहीं. आरिओस्तो कवीनें आपल्या एका उपरोधिक काव्यांत ह्या ‘सिन्योरीआ’च्या अतिरेकाबद्दल स्पॅनिश खुशामतखोरीला दोष दिला आहे. आन्नीबाल कारो ह्या लेखकानेंहि, समोर बसलेल्या माणसाशीं बोलतांना जणूं तिसऱ्याच कोणाशीं बोलावें लागतें, म्हणून ह्या चालीविरुद्ध तक्रार केली. पुढील काळाच्या दृष्टीनें ह्या तक्रारी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. कारण चारशें वर्षांनीं त्यांचाच आधार घेऊन ‘लेइ’वर शस्त्र उपसलें गेलें.

आतां थोडें व्याकरण. श्रोत्यांनीं भिऊं नये. हें व्याकरण मोठें मौजेचें आहे.

‘लेइ’ आदरार्थी असली तरी तिचें क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनीच राहतें. ‘लेइ पार्ला बेने’ ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात. ‘ती चांगलें बोलते’ आणि ‘आपण चांगलें बोलतां’. कोणता अर्थ घ्यावयाचा, तें प्रसंगावरून ठरतें. पत्रलेखनांत आदरार्थी ‘लेइ’चें पहिलें अक्षर मोठें काढण्याची रीत आहे, पण मुखानें बोलतांना मोठें अक्षर आणि लहान अक्षर कोठून असणार? त्याचप्रमाणें ‘आपणांस’ ह्या अर्थीं कर्माचें रूप ‘ला’, म्हणजे अक्षरशः ‘तिला’. ‘आपणांस पत्र लिहितों’ ह्यांतील चतुर्थीचें रूप ‘ले’. आणि ‘आपला’ ह्या अर्थीं ‘सुओ’. अनेक व्यक्तींना मोठ्या औपचारिकपणानें संबोधावयाचें झाल्यास ‘लोरो’ वापरतात. परंतु व्यवहारांत ‘वोइ’नेंच भागतें.

आज्ञार्थाची तऱ्हा तर आपल्याला आपल्या घरची वाटेल. ‘तू’ म्हणावयाच्या माणसाला ‘पार्ला!’ म्हणजे ‘बोल!’ असें म्हणतां येतें. परंतु ‘लेइ’ला आज्ञा करतां येत नाहीं, तिला विनंतीच करावी लागते. म्हणून तेथें विध्यर्थाचें रूप योजतात आणि ‘पार्ली’ म्हणतात, म्हणजे ‘बोलावें’. ‘आपण यावें’, ‘आपण बसावें’ असें आपण पाहुण्यांना म्हणतों, तोच हा न्याय. आणखी एक बारकावा असा. ‘मला सांग’ असें ‘तू’ला म्हणतांना ‘दिम्मी’ असा जोडशब्द होतो; त्यांत ‘मला’ हा शब्द क्रियापदाच्या मागून येऊन त्याला चिकटतो. ‘मला सांगावें’ असें ‘लेइ’ला म्हणतांना मात्र ‘मी दीका’ अशी रचना होते आणि ‘मला’ हा शब्द क्रियापदाच्या अगोदर सुटा उभा राहतो. जवळीक आणि अंतर ह्यांचा भेद जणूं शब्दांच्या मांडणींतहि उमटला आहे.

लिंगाचा प्रश्न सर्वांत गमतीचा. समोर पुरुष असेल तर ‘लेइ’बरोबर येणारें विशेषण स्त्रीलिंगी कीं पुल्लिंगी? आजची रूढि अशी कीं, विशेषणानें माणसाकडे पाहावें, सर्वनामाकडे पाहूं नये. दमलेल्या पुरुषाला ‘लेइ ए स्तान्को?’ असें विचारतात, आणि त्यांतील ‘स्तान्को’ हा ‘दमलेला’ ह्या अर्थाचा शब्द पुल्लिंगी असतो. स्त्रीला विचारतांना तोच ‘स्तान्का’ होतो. परंतु ‘ला’ ह्या कर्मरूपाचा जोर अधिक आहे. ‘मीं आपणांस काल पाहिलें’ असें एखाद्या गृहस्थाला म्हणतांना ‘पाहिलें’ ह्या अर्थाचें धातुसाधित परंपरेप्रमाणें स्त्रीलिंगी येतें. निरोप घेतांना मित्रांना ‘आरिवेदेर्ची’ म्हणतात, म्हणजे ‘आपण एकमेकांना पुन्हा पाहूं तोंवर’. पण आदरणीय गृहस्थाला ‘आरिवेदेर्ला’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः ‘तिला पुन्हा पाहीन तोंवर’. तो गृहस्थ ह्यानें बिलकूल रागावत नाहीं. उलट ‘ची’च्या जागीं ‘ला’ वापरल्याबद्दल त्याला समाधान वाटतें.

हा सगळा खटाटोप केवळ शिष्टाचाराचा आहे असें कोणी समजूं नये. सर्वनाम बदललें कीं माणसामाणसांतील नातें बदलतें, ह्याचें उत्कृष्ट उदाहरण वर उल्लेखिलेल्या मांझोनीच्या कादंबरींत आहे. सतराव्या शतकांतील, स्पॅनिश अंमलाखालील लोम्बार्दीची ती कथा. एका गरीब मुलीच्या मागें लागलेल्या दोन रोद्रीगो ह्या उन्मत्त सरदाराला समजावण्यासाठीं फ्रा क्रिस्तोफोरो हा साधु त्याच्या वाड्यावर जातो. प्रारंभीं साधु त्याच्याशीं ‘लेइ’च्या अदबीनें बोलतो. पण त्या मुलीनें माझ्याच आश्रयाला येऊन राहावें, असें तो सरदार निर्लज्जपणें सुचवितो, तेव्हां साधूचा संताप अनावर होतो आणि त्याच्या तोंडून ‘लेइ’च्या ऐवजीं ‘वोइ’ बाहेर पडतो. सरदारहि तत्काळ खालीं उतरून साधूला ‘तू’ म्हणूं लागतो. अंगावर हात न टाकतांहि त्या दालनांत काय घडलें, हें इटालियन वाचकाला केवळ ह्या तीन सर्वनामांवरून कळतें. आपल्याकडे ‘अहो-जाहो’ करतां करतां मनुष्य ‘अरे-तुरे’वर आला म्हणजे काय झालें, हें जसें वेगळें सांगावें लागत नाहीं, तसेंच तें.

अशा ह्या शब्दावर १९३८ सालीं संकट आलें. त्या वर्षीं १५ जानेवारी रोजीं मिलानच्या ‘कोर्रिएरे देल्ला सेरा’ ह्या वृत्तपत्रांत ब्रूनो चिकोन्यानी ह्या लेखकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. ‘लेइ’ नाहींशी करावी, असा त्याचा आशय होता. मुसोलिनीच्या राजवटीला ही कल्पना एकदम पसंत पडली. पुढच्याच महिन्यांत पक्षाचे चिटणीस आकिल्ले स्तारात्चे ह्यांनीं पक्षाच्या संघटनांना आदेश दिला कीं, बरोबरीच्या सहकाऱ्यांनीं एकमेकांना ‘तू’ म्हणावें, वरिष्ठांना ‘वोइ’ म्हणावें आणि ‘लेइ’ टाकून द्यावी. सरकारी नोकरांवरहि ‘वोइ’ची सक्ति आली. १९३९ सालीं ट्युरिन शहरांत ‘लेइ’ची टवाळी करणाऱ्या व्यंगचित्रांचें एक प्रदर्शनहि भरलें. ह्या उत्साहाचा कळस म्हणजे ‘लेइ’ नांवाचें स्त्रियांचें एक नियतकालिक होतें, त्याला नांव बदलून ‘आन्नाबेल्ला’ असें घ्यावें लागलें. वास्तविक त्या नांवांतील ‘लेइ’चा अर्थ ‘आपण’ असा नसून ‘ती’ असा सरळ होता! पण हुकुमाला व्याकरण कळत नसतें.

बंदीच्या समर्थनार्थ जें सांगितलें जाई, त्याचा सारांश असा कीं, ‘लेइ’ परकीय आहे, ती गुलामी वृत्तीची आहे आणि ती बायकी आहे. ह्या तीन आरोपांची शहानिशा आपण आतां करूं शकतों.

‘लेइ’ परकीय नव्हे. तिचा बाप लॅटिन, आई लॅटिन, जन्म इटलींतला. संबोधनाच्या अर्थींहि ती स्पॅनिश अंमलाच्या आधीं इटालियन दरबारांत दिसूं लागली होती. स्पॅनिश चालीनें तिचा प्रसार वाढला, एवढेंच खरें. उलट ज्या ‘वोइ’ला रोमन बाण्याचा म्हणून मिरविण्यांत येत होतें, तो ‘एका माणसाला तुम्ही’ म्हणण्याचा प्रकार सिसेरोला ठाऊकच नव्हता. बायकीपणाचा आरोप तर केवळ व्याकरणाचें अज्ञान होय. ज्या न्यायानें ‘लेइ’ बायकी, त्याच न्यायानें ‘महत्ता’ आणि ‘श्रेष्ठता’ ह्याहि बायकी ठरतील.

राहिला गुलामी वृत्तीचा आरोप. ‘लेइ’चा उगम दरबारी खुशामतींत झाला, हें नाकारतां येत नाहीं. परंतु तीनशें-चारशें वर्षांत तिच्यांत मोठा पालट झाला होता. विसाव्या शतकांत शहरांतील वैद्य रोग्याला ‘लेइ’ म्हणे आणि रोगी वैद्याला ‘लेइ’ म्हणे. दुकानदार गिऱ्हाइकाला, गिऱ्हाईक दुकानदाराला, अपरिचित प्रवासी दुसऱ्या प्रवाशाला तेंच म्हणे. म्हणजे जी एके काळीं खालून वर चढत असे, ती आतां सपाटीवर दोन्ही बाजूंनीं चालूं लागली होती. दोन स्वतंत्र माणसांनीं एकमेकांचा मान राखून, मधलें अंतर सांभाळून बोलण्याची ती भाषा झाली होती. हुकुमानें जी व्यवस्था आणली, तींत मात्र बरोबरीच्याला ‘तू’ आणि वरिष्ठाला ‘वोइ’, अशी पायऱ्यांची उतरंड होती. तेव्हां गुलामीचा वास कोणत्या व्यवस्थेला अधिक होता, हें श्रोत्यांनींच ठरवावें. माझ्या मतें त्या राजवटीला ‘लेइ’ सलत होती ती तिच्या उगमामुळें नव्हे. दोन नागरिकांनीं आपसांत किती अंतर ठेवावें, हें ते स्वतः ठरवीत होते, हेंच तिला खपत नव्हतें. ह्याच १९३८ सालच्या शरदांत इटलींत ज्यूंविरुद्ध वंशभेदाचे कायदे झाले, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या सर्वनामाच्या छळाकडे निव्वळ विनोद म्हणून पाहवत नाहीं. शब्दांची कुळें तपासूं लागलेली सत्ता माणसांची कुळें तपासण्यापाशीं येऊन पोंचली होती.

लोकांनीं ह्या हुकुमाला आपल्या परीनें उत्तर दिलें. गॅलिलिओचें आडनांव ‘गालिलेइ’. त्यांतील ‘लेइ’ काढून त्यालाहि ‘गालिवोइ’ म्हणावें काय, अशी थट्टा प्रसिद्ध आहे. नेपल्सचे तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे ह्यांच्याविषयीं असें सांगतात कीं, दक्षिणेकडील चालीप्रमाणें ते पूर्वीं ‘वोइ’च वापरीत, पण बंदी येतांच त्यांनीं ‘लेइ’ म्हणण्यास सुरुवात केली. २५ जुलै १९४३ रोजीं मुसोलिनीची सत्ता गेली आणि तिच्याबरोबर सर्वनामाचा हुकूमहि कोसळला. ‘लेइ’ आपल्या घरीं परत आली. उलट उत्तरेकडील शहरांत ‘वोइ’लाच पुढें पुष्कळ वर्षें त्या राजवटीचा डाग चिकटून राहिला. दक्षिण इटलींत मात्र तो पूर्वींपासूनच लोकांचा होता. म्हणून तेथें वडील माणसांना आदरानें ‘वोइ’ म्हणण्याची रीत आजहि आढळते.

आजच्या इटलींत अपरिचित प्रौढ माणसाशीं, डॉक्टरांशीं, अधिकाऱ्यांशीं बोलतांना ‘लेइ’च योग्य समजली जाते, तरुण मंडळी मात्र आपसांत सरळ ‘तू’वर येतात. इटालियन भाषेंत ‘अरे-तुरे करणें’ ह्या अर्थीं ‘तू देणें’ आणि ‘अहो-जाहो करणें’ ह्या अर्थीं ‘लेइ देणें’ असे वाक्प्रचार आहेत. ‘देणें’ ह्या क्रियापदांतील खुबी पाहा. सर्वनाम ही समोरच्याला द्यावयाची वस्तु आहे. ती हिसकावून घेतां येत नाहीं. दोघांची ओळख वाढली म्हणजे त्यांतील वडील मनुष्य, आपण आतां एकमेकांना ‘तू’ देऊं या, असें सुचवितो. आणि त्या क्षणीं दोघांमधील ‘लेइ’ मानानें निवृत्त होते.

शब्दाचें कुळ जाणणें हा एक निर्मळ आनंद आहे. परंतु कुळावरून शब्दाची किंमत ठरवूं नये. आपल्या मराठींतील ‘आपण’ हा शब्द ‘आत्मन्’पासून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘स्वतः’ असा होता. आज दारांत आलेल्या पाहुण्याला ‘आपण बसावें’ असें म्हणतांना कोणाच्या मनांत आत्मा येतो? आपल्या मनांत येतो तो समोरचा माणूस. ‘लेइ’चेंहि तसेंच आहे. दरबारांतील खुशामतींत वाढलेला हा शब्द सामान्य माणसांनीं शतकानुशतकें वापरून स्वच्छ केला, सर्वांना सारखा वांटला, आणि हुकूम सुटला तेव्हां तो घरांत जपून ठेवला. ज्या भाषेंत दोन अनोळखी माणसें एकमेकांना सारख्याच मानानें हांक मारूं शकतात, त्या भाषेनें आपलें निम्में काम केलें असें समजावें. उरलेलें निम्में बोलणाऱ्यांनीं करावयाचें असतें.